दुसऱ्या बाजूचा कागद

६ मार्च

चि. बयोस,
अनेक उ. आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्याला आज एकवीस दिवस झाले. ठेवलास म्हणजे आपटलास. माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते अजून घशात अडकलेलं आहे. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पानावर एक वाक्य अर्धं राहिलं तर मला चैन पडत नसे, हे माझ्या लेकीला ठाऊक असूनही तिने नेमकं तेच केलं. असो. मी रागावलेलो नाही. पत्र लिहितो आहे, यावरून ओळख.

इकडे सर्व ठीक. मागच्या खोलीतली भुंग्याची खाट झटकून ठेवली. तिच्या निळ्या सपाता खाटेखाली आहेत. आता त्या तिला होणार नाहीत, पण मी हलवल्या नाहीत. खिडकीच्या तडकलेल्या काचेवर तिने कागदी मासा चिकटवला होता, तोही आहे. वारा सुटला की ती काच वाजते. बदलायला हवी. पण काच गेली की मासाही जाणार, म्हणून चालढकल करतो. जी पोर सकाळी डोळे उघडल्यापासून नाकातल्या नाकात गुणगुणते, जिला मीच भुंगा म्हणायला लागलो, ती घरात नसली की हे घर इतकं गप्प होतं की टाकीत पाणी पडायला लागलं तरी कुणी आल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात सुट्टी लागेल. तिला घेऊन ये. बसस्थानकावर मी गाडी घेऊन येतो.

आता मुद्द्याचं बोलू. ऑगस्टमध्ये पुलाच्या अलीकडे त्या पांढऱ्या व्हॅनवाल्याने दिवा न दाखवता आपल्यासमोर गाडी घातली. चूक त्याची, यावर तुझंही दुमत नाही. मी हॉर्न दिला. त्याने साधा हातसुद्धा वर केला नाही. मग मी त्याच्या मागे गेलो. त्यात माझा कोणता स्वार्थ होता? मला कुठे आधी पोचायचं होतं? आयुष्यभर छापखान्याच्या फाटकावर उभा राहून मी कामगारांना जे सांगितलं तेच मी रस्त्यावर करतो. नियम मोडणाऱ्याला कुणी विचारलं नाही की तो उद्या दोन मोडतो. सगळे जिथे मान खाली घालून चालतात तिथे उद्धट माणूस राजा होतो, आणि त्याला राजा करतो तो त्याचा उद्धटपणा नव्हे, आपली मान! शेवटी तो थांबला की नाही? त्याने गाडी बाजूला घेतली, मान खाली घातली. त्याला कळलं. एका माणसाला कळलं, माझं काम झालं.

आणि यासाठी माझी नात माझ्यापासून सात महिने दूर. कोणत्या कलमाखाली?

जावयांना नमस्कार. ते मनातून माझ्या बाजूचे आहेत अशी माझी समजूत आहे, ती तुम्ही दोघांनी मोडू नये. लोभ आहेच, सुट्टीत तो समक्ष घेऊन यावा.

तुझा,
बाबा


१४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बरं वाटलं, कारण कागदावर तुम्हाला पूर्णविराम द्यावे लागतात. फोनवर तुम्ही देत नाही. तेव्हा या विषयावर यापुढे पत्रच.

आम्ही सगळे बरे आहोत. डेपोत नव्या बसचालकांची तुकडी आली आहे, बत्तीस जणांची. मी त्यांना गाडी चालवायला शिकवते असं तुम्ही लोकांना कौतुकाने सांगता. गाडी त्यांना येतेच हो. मी त्यांना थांबायला शिकवते, आणि ते फार जड जातं.

गेल्या वर्षी विद्यापीठातून एक संशोधक बाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे पत्ते होते, एकेकावर एकेक शब्द: सत्ता, यश, मौज, सुरक्षितता, न्याय, लोकांचं भलं, असे. आयुष्यात आपल्याला जे मोठं वाटतं ते सगळ्यात वर, मग खाली खाली लावत जायचं. त्यानंतर रस्त्यावर आपण कसे वागतो त्याचे प्रश्न. बाईंचा अंदाज असा की सत्ता आणि यश वर लावणारे दुसऱ्याच्या अंगावर जास्त जातात, आणि लोकांचं भलं वर लावणारे कमी. आमच्याकडे बहुतेकांचं तसंच निघालं. एकच चालक या अंदाजात कुठे बसेना. त्याने लोकांचं भलं आणि न्याय सगळ्यात वर लावले होते, आणि तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच. बाई चक्रावून गेल्या. मला काही नवल वाटलं नाही. मी तशाच एका माणसाच्या घरात वाढले आहे.

तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही, हे दोनदा वाचा. वाईट माणसाकडे पाठ फिरवणं मला सोपं गेलं असतं.

तुम्ही कलम विचारलंत म्हणून सांगते. भुंगा घरात गुणगुणते, आंघोळ करताना गुणगुणते, शाळेच्या पायऱ्या चढताना गुणगुणते. गाडीत बसली की बंद. ऑगस्टपासून. तिच्या बाबांच्या गाडीतसुद्धा, आणि ते कसे चालवतात ते तुम्हाला माहीत आहे. मागचे सायकलवाले त्यांना ओलांडून जातात. मी विचारलं तर म्हणाली की आजोबांना त्रास नको म्हणून ती गप्प बसते. मी म्हटलं, अगं, आजोबा तर गाडीत नाहीत.

तेव्हा माझी एक अट आहे. आमच्या डेपोतली रीत आहे ती. ज्या चालकाविरुद्ध तक्रार येते त्याची किल्ली फळ्यावर टांगतात. ती परत हवी असेल तर त्याने एक कागद लिहून द्यायचा. घडलं ते सगळं, पण समोरच्याच्या तोंडून, ‘मी’ म्हणून. आम्ही त्याला दुसऱ्या बाजूचा कागद म्हणतो. त्या माणसाला दिसलेली आणि आपल्याला न दिसलेली एक तरी गोष्ट त्यात यायला हवी. नाही आली तर कागद परत. मोठमोठे रडकुंडीला येतात.

तुमचा कागद येऊ द्या, मग सुट्टीचं बघू. तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावा. लोभ आहे, तो या पत्राने कमी झाला असेल तर पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
बयो


२१ मार्च

चि. बयोस,
अनेक उ. आशीर्वाद.

नातीला भेटायला प्रवेशपरीक्षा! मालकांनी आमच्यावर नाना अटी घातल्या, आम्ही फाटकासमोर अकरा दिवस बसून त्या मोडून काढल्या; पण पोटच्या पोरीने घातलेली अट कोणत्या फाटकासमोर बसून मोडायची?

तरी तुझे पत्ते मी घरी करून बघितले. जुन्या मुद्रितांचे पाठकोरे कागद कापले. न्याय वर आला, दुसरा प्रामाणिकपणा, तिसरं लोकांचं भलं. सत्ता सगळ्यात खाली, यश तिच्या शेजारी. मला अभिमान वाटला, लपवत नाही. तुझ्या बाईंना सांग, तक्ता चुकला असेल, माणूस चुकलेला नाही. चुकीच्या अक्षराखाली लाल पेन्सिलीने खूण केली म्हणून कोणी तपासनिसाला भांडखोर म्हणत नाही. मी रस्त्यावर तेच करतो. चुकणाऱ्या गाड्यांचे क्रमांक वहीत उतरवून ठेवतो, तेही तुला माहीत आहे. त्या व्हॅनचाही आहे, पान चौऱ्याऐंशी.

कागद हवा आहे ना? घे:

‘मी व्हॅनवाला. रस्ता माझ्या वाडवडिलांचा आहे. दिवा दाखवणं मला कमीपणाचं वाटतं. मागून एका सज्जन गृहस्थांनी हॉर्न दिला तेव्हा मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी दोन किलोमीटर माझा पाठलाग करून मला गाठलं, माझ्या शेजारी येऊन माझ्या वागण्याचा अर्थ मला मोठ्याने समजावून सांगितला. मला पश्चात्ताप झाला. मी गाडी बाजूला घेऊन मान खाली घातली.’

सोबत जोडला आहे. पास कर.

तिने गाडीत गुणगुणणं बंद केलं, हे तू आधी का सांगितलं नाहीस? ते वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला आणि मग कुठे ठेवला ते सापडेना. हसू नकोस. तिला म्हणावं, आजोबांना कधीही, कसलाही त्रास झाला नव्हता. उलट तेवढ्यासाठी तर मी गाडी लांबच्या रस्त्याने नेत असे.

लोभ आहे, त्याला कागदपत्रांची गरज पडू नये.

बाबा


२९ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

कागद परत पाठवते आहे. तुमच्याच पद्धतीने तपासला आहे, लाल पेन्सिलीने. प्रत्येक वाक्यापुढे मी लिहिलं आहे की हे तुम्हाला दिसलेलं. शेवटच्या वाक्यापर्यंत तेच लिहावं लागलं. तुम्ही त्याच्या तोंडून बोलताना फक्त तोंड त्याचं घेतलंत. तो कोण, गाडीत काय होतं, तो खरंच शरमला की नुसता थांबला, काही माहीत नाही. तुम्ही आम्हाला लहानपणी वर्तमानपत्र हातात देऊन विचारायचात की यात कोणाचं म्हणणं छापलेलं नाही ते शोधा. आता तुम्हीच शोधा.

हे लिहिताना मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सात महिने राहून गेली.

पुढच्या सीटवर आई बसायची तेव्हा कोणी आडवं आलं की तिचा हात तुमच्या गुडघ्यावर यायचा. ती म्हणायची की जाऊ द्या हो, त्याला घाई असेल. तुम्ही म्हणायचात की ती घाई नाही, माज आहे. ती म्हणायची की बरं, माज असेल, तोही जाऊ द्या. मग तुम्ही पुटपुटत का होईना, वेग कमी करायचात. मी मागे बसून हे शंभर वेळा ऐकलं. आई गेल्याला पाच वर्षं होतील आता. त्या दिवशी त्या सीटवर मी होते, बाबा. मी जाऊ द्या म्हटलं नाही. मी म्हटलं की सोडू नका त्याला.

तुम्हाला ते आठवत असणार. तुम्ही मुद्रितातली चूक वीस वर्षांनी आठवता. पण इतक्या भांडणांत एकदाही तुम्ही ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीत. तुमच्याकडे हुकमाचा एक्का होता आणि तुम्ही तो खेळला नाहीत. त्यामुळे माझा राग अर्धाच तुमच्यावर होता, आणि उरलेला अर्धा कुठे ठेवायचा ते न कळल्याने तोही मी तुमच्यावरच काढत होते. मी बत्तीस जणांना थांबायला शिकवते. घरी येताना रोज त्या पुलाची आठवण येते.

तरी अट कायम. उलट आता जास्तच. तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

शाळेला १८ तारखेपासून सुट्टी आहे. मला यायचं आहे. मागच्या खोलीत सकाळी ऊन कुठपर्यंत येतं ते मला अजून पाठ आहे. लोभ आहे, अर्धा नाही.

बयो


११ एप्रिल

चि. बयोस,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण मी माणूस शोधत होतो.

तू लिहिलंस ते मला आठवत होतं. ते बोलायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. त्याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

वहीत पान चौऱ्याऐंशीवर व्हॅनच्या क्रमांकापुढे मी ‘काचा’ असं लिहिलं होतं. गाडीवर तसं काही रंगवलेलं असावं. गावातली काचांची दुकानं पायी फिरलो. गाडी दाराशीच ठेवली. कागद पास होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. तीन ठिकाणी नाही. चौथं दुकान बाजारामागच्या गल्लीत, दाराशी तीच पांढरी व्हॅन, तोच क्रमांक. पहिल्या सभेच्या वेळी केले होते तसे तीन मुद्दे पाठ करून गेलो होतो.

काचवाला पन्नाशीचा, बारीक, अंगठ्याला चिंधी बांधलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने धरून ठेवलेली. स्वतः काचेचा धंदा करतो आणि चष्मा असा, यावरून त्याची बायको आतून त्याला टोमणे मारत होती. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक. मी उभ्यानेच सांगितलं की ऑगस्टमध्ये पुलापाशी तुम्ही दिवा न दाखवता ज्याला आडवे आलात, तो मी. त्याने मला खालपासून वर बघितलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला की अगं, ते ओरडणारे आजोबा आलेत, चहा टाक.

बयो, माझे तिन्ही मुद्दे तिथेच गळाले. स्टुलावर बसलो. चहा ढवळता ढवळता तो म्हणाला की चूक त्याचीच होती, दिव्याचा बल्ब उडाला होता, सकाळीच बदलायला हवा होता. जे एक वाक्य ऐकण्यासाठी मी सात महिने तळमळलो ते त्याने असं देऊन टाकलं, जसं कोणी सुटे पैसे देतं. आणि ते हातात आल्यावर त्याचं काय करायचं ते मला कळेना.

मग मी विचारलं की तुम्ही का थांबलात. त्याने सांगितलं. घरी येऊन मी कागद लिहिला. या वेळी शब्द त्याचेच आहेत, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

‘मी काचा बसवतो. त्या दिवशी गाडीत सहा मोठ्या काचा होत्या, उभ्या बांधलेल्या. काचा असल्या की जोरात ब्रेक दाबता येत नाही आणि हात स्टिअरिंगवरून काढता येत नाही, म्हणून हॉर्न ऐकूनही मी हात वर केला नाही. मागून एक गाडी आली ती हटेना. मी हळू झालो की ती हळू, मी पुढे की ती पुढे. मग ती शेजारी आली, खिडकीला खिडकी लागली. पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई, दोघंही माझ्याकडे बघून ओरडत होते. शब्द कळत नव्हते. मागच्या सीटवर एक लहान मुलगी होती. तिने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते आणि डोळे मिटले होते. रस्त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, ना त्यांचं, ना माझं. मला वाटलं, हा म्हातारा काही हरायचा नाही. त्याला ते जमणारच नाही. मग मी हरलो तर माझं काय जातंय, माझ्या गाडीत काचाच आहेत. म्हणून मी गाडी खडीवर उतरवली. दोन काचा फुटल्या. कुठल्या फुटल्या ते बघायला मी मान वळवून खाली वाकलो. वर बघितलं तोवर ती गाडी गेली होती.’

हा तो कागद. त्याने मान खाली घातली ती अशी. शरमेने नाही.

आणि तुझ्या अटीतली ती न दिसलेली गोष्ट. ती मला दिसली नाही. तुलाही दिसली नाही. आरसा माझ्या कपाळासमोर होता, पण मी त्यात बघितलं नाही, मला समोरच्याची चूक बघायची होती. आयुष्यभर लाल पेन्सिल चालवली, बयो, आणि मला वाटत राहिलं की ज्याला चूक दिसते त्याला सगळं दिसतं. न्याय वर लावला होता मी, अभिमानाने. पण त्या दिवशी तुझ्या मुलीकडे रस्त्यावरचा एकच माणूस बघत होता, आणि आपण दोघं त्याच्याच मागे लागलो होतो.

मी माझी मतं बदललेली नाहीत. दिवा दाखवायलाच हवा. त्यालाही मी निघताना ते सांगितलं, तो हसला आणि बल्ब पेटवून दाखवला.

त्याला मागच्या खोलीची काच बसवायला बोलावलं होतं. काल येऊन बसवून गेला. जुनी काढण्याआधी त्याने कागदी मासा कोमट पाण्याने भिजवून अलगद सोडवला, वाळवला आणि विचारलं की नव्या काचेवर चिकटवू का. मी म्हटलं की नको, जिचा आहे ती चिकटवेल. मासा माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली दाबून ठेवला आहे. खिडकी आता वाजत नाही. त्यामुळे घर आणखी गप्प झालं आहे.

गाडीची किल्ली या पाकिटात आहे. तुमच्या फळ्यावर टांग. तुझी आई असती तर तिचा हात गुडघ्यावर आला असता आणि यातलं काहीच झालं नसतं. पण एवढा मोठा माणूस वेग कमी करायला सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो, ही त्या हाताची थोरवी झाली, माणसाची नाही.

भुंग्याला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. तिला एवढं नक्की सांग की आजोबा चुकले. हे वाक्य पूर्ण आहे.

लोभ मागत नाही. वाट बघतो.

बाबा


१६ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

कागद पास.

वाचून झाल्यावर मी खाली गेले आणि आमच्या उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसले, भुंग्याच्या जागेवर. तिथून पुढच्या दोन सीटांच्या पाठी दिसतात, बाजूची खिडकी दिसते, आणि पुढे बसलेल्यांचे चेहरे दिसत नाहीत. डेपोत इतकी वर्षं शिकवते आहे, पण मी कधी तिथे बसून बघितलं नव्हतं. बराच वेळ बसले. तुमचे जावई शोधत आले, शेजारी येऊन बसले.

भुंग्याला सगळं वाचून दाखवलं. मी तिची माफी मागितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की हे आजोबांनी लिहून दिलंय का. मी कागद दाखवला. त्यावर ती म्हणाली की मग तिलाही लिहून द्यायचं आहे. सोबत जोडलं आहे. मी एकही अक्षर सुधारलेलं नाही, तुम्हीही सुधारू नका.

किल्ली परत पाठवते. आमचा फळा भरलेला आहे. आम्ही २० तारखेच्या सकाळच्या बसने येतो. न्यायला या.

लोभ आहे, तो घेऊनच येते.

बयो


प्रिय आजोबांना,
नमस्कार.

मी आता दुसरीत आहे म्हणून स्वतः लिहिते. काचवाले काका मला माहीत आहेत. मी डोळे मिटले होते पण एकदा उघडले तेव्हा त्यांनी मला स्टिअरिंगवरूनच बोटं हलवून हात केला होता. मी केला नाही कारण माझे हात कानावर होते. त्यांना सांगा.

माझा मासा मीच चिकटवणार. निळ्या सपाता बाहुलीला होतील.

गाडीत मी मागे बसणार. माझा एक नियम आहे. मी गुणगुणत असीन तोपर्यंत गाडी चालवायची. मी थांबले की तुम्ही पण थांबायचं. कोणाची चूक आहे ते बघायचं नाही. आईला पण हाच नियम आहे.

तुमची लाडकी,
भुंगा

ता. क. मी गाणं बदलण्यासाठी थांबले तर हात वर करीन. तेव्हा थांबू नका.